‘बाबा, लिंक आली की परीक्षा आल्यासारखं वाटतं’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकचे ६६ वर्षांचे एक निवृत्त विमा अधिकारी लिहितात, की नोकरीची पहिली वर्षं मुंबईत काढली, तेव्हा रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव ऐकला आणि जॅझचं, त्यातही पियानोचं, वेड लागलं ते कायमचं. घरात तीनशेच्या वर कॅसेट आणि दीडेकशे तबकड्या आहेत. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षं ते रोज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवडत्या ध्वनिमुद्रणाची एक लिंक टाकतात. कोणी ऐकत नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहणारी मुलगी परवा म्हणाली, “बाबा, लिंक आली की परीक्षा आल्यासारखं वाटतं.” फिरायला जाणाऱ्या मित्रांना घरी बोलावून दोन तासांची बैठक ठेवली, तर अर्ध्या तासात गप्पा सुरू झाल्या आणि पियानोवादक थेलोनियस मंक लावल्यावर एकानं विचारलं, “हा अजून शिकतोय का?” पत्नीचं म्हणणं, आता पुरे करा. ते विचारतात: पाठवणं बंद करू का? लोकांना कानच उरला नाही का? आणि माझ्यामागे या संग्रहाचं काय होणार?

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि त्यातली वादकांची नावं मोजली. आर्ट टेटम, बड पॉवेल, मंक, एरोल गार्नर, ऑस्कर पीटरसन, बिल एव्हान्स, अहमद जमाल, मॅकॉय टायनर, कीथ जॅरेट अशी करत चार पानांत एकवीस नावं निघाली. कोणाचं मुद्रण कुठल्या साली झालं, साथीला कोण होतं, सगळं दिलंय. पण ते ऐकताना तुम्हाला काय होतं, याबद्दल चार पानांत एकच परिच्छेद आहे. तोही शेवटून दुसरा, जाता जाता लिहिल्यासारखा.

तो मुलगी झाली त्या रात्रीचा आहे. साल १९८९. ऑफिसात फोन आला आणि तुम्ही नाशिकची शेवटची एसटी पकडलीत. पिशवीत वॉकमन होता आणि पीटरसनच्या ‘नाइट ट्रेन’ची कॅसेट. तिच्यातलं शेवटचं ‘हिम टु फ्रीडम’ तुम्ही कसाऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा ऐकलंत. सेल पुरावेत म्हणून दर वेळी कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीनं मागं गुंडाळत होतात. तरी घाट चढून इगतपुरीला येईस्तोवर सेल उतरलेच, आणि पियानो जड होत, खाली खाली जात थांबला.

हे तुमच्या मुलीला कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. दोन वर्षांत सातशेच्या आसपास लिंक तिच्या फोनवर गेल्या असतील. त्यांत ‘हिम टु फ्रीडम’ही असेल, वर ‘पीटरसन, १९६२, अवश्य ऐका’ असं लिहिलेलं. तिच्या जन्माच्या रात्री बापानं घाटात हे ऐकलं होतं, हे त्या लिंकवरून तिला कसं कळावं?

तिचं वाक्य तुम्हाला लागलं, आणि ते लागणं मी समजू शकते. पण ते नीट ऐका. ‘कंटाळा येतो’ असं ती म्हणाली नाही. परीक्षा वाटते म्हणाली. म्हणजे तुम्हाला ते किती मोलाचं वाटतं, हे तिला पुरतं ठाऊक आहे. ऐकलं नाही तर बाबांना वाईट वाटणार. ऐकून ‘छान’ एवढंच लिहिलं तर तेही कमी पडणार. नाशिकला सकाळचे सात वाजतात तेव्हा एडिसनला आदल्या रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. दिवसभराचं काम, स्वयंपाक, मूल झोपवणं, आणि त्याच वेळी फोन वाजतो: नऊ मिनिटांची लिंक. यात कानाचा दोष कुठं आला?

तुमच्या लाडक्या पीटरसनच्याच घरची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी पुन्हा सांगते. त्याचे वडील डॅनियल माँट्रियालमध्ये राहायचे आणि कॅनडाच्या रेल्वेत पोर्टरचं काम करायचे. फेरीवर जाताना ते मुलांना पियानोचा गृहपाठ देऊन जात आणि परत आले की प्रत्येकाकडून वाजवून घेत. पोरगा चांगला वाजवायला लागला आणि जरा हवेत गेला, असं वाटल्यावर त्यांनी त्याला आर्ट टेटमची ‘टायगर रॅग’ची तबकडी ऐकवली. पोराला आधी वाटलं, दोन माणसं वाजवताहेत. एकच माणूस आहे, आणि तोही जवळजवळ अंध, हे कळल्यावर तो इतका खचला की पुढं कित्येक दिवस त्यानं पियानोला हात लावला नाही.

पीटरसन पुढं पीटरसन झाला, म्हणून आपण ही गोष्ट हौसेनं सांगतो. पण त्या दिवशी त्या घरात काय झालं? वडिलांनी जगातलं एक थोर ध्वनिमुद्रण मुलाला दिलं आणि मुलानं पियानो बंद केला. तबकडीत काही खोट नव्हती. ती ज्या हेतूनं ऐकवली, तो हेतू सुरांच्या आधी मुलापर्यंत पोचला. तुमचा हेतू धडा शिकवण्याचा मुळीच नाही. पण रोज एक, न मागता, ‘अवश्य’ असं लिहून आलेली गोष्ट घेणाऱ्याला गृहपाठासारखीच वाटते.

आता माझ्या मामाबद्दल सांगते, कारण मला जॅझ त्यानं दिलं. गिरगावातली दोन खोल्यांची जागा, खिडकीखाली रेकॉर्ड प्लेअर. मी तेव्हा अकरा वर्षांची. मामा कधी ‘ये, ऐक’ म्हणायचा नाही. त्याचं त्याचं ऐकत बसायचा. मी शेजारी मटार सोलत असले आणि एखादी खास जागा यायची झाली, की तिच्या दोनेक मात्रा आधी त्याची तर्जनी हवेत वर जायची. बस्स. माझा सोलता हात थांबायचा. जागा येऊन जायची, बोट खाली. मला ती कळली नाही असं चेहऱ्यावर दिसलं, तर तो सुई उचलून अंदाजानं दोन-चार वेढे मागं ठेवायचा. खर्रर्र आवाज व्हायचा, मामी आतून ओरडायची, आणि पुन्हा बोट वर. गार्नरचा डावा हात गिटार छेडल्यासारखा ठेका धरून चाललाय आणि उजवा किंचित मागं रेंगाळत येतोय, हे मला त्या बोटामुळं ऐकू आलं. सबंध तबकडी मी पुढं पाच-सहा वर्षांनी ऐकली.

‘जागा’ हा आपल्या ऐकणाऱ्यांचा शब्द आहे. मैफल संपल्यावर घरी जाताना लोक अख्ख्या रागाबद्दल बोलत नाहीत. ‘त्या जागेवर कसली आली!’ असं बोलतात. तुम्ही जॅझ इतकी वर्षं ऐकताय म्हणजे तुमच्यापाशी अशा शेकडो जागा असणार. त्या द्या. अख्खं ध्वनिमुद्रण देऊ नका.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की महिनाभर काहीच पाठवू नका. रागानं नव्हे, मुलीला मोकळं वाटावं म्हणून. सांगून टाका: “रोजचं बंद करतोय, वाटलं तर कधीतरी एखादं पाठवीन, उत्तर द्यायची गरज नाही.” हे शेवटचं वाक्य खरं असू द्या. आलेल्या निळ्या खुणा पाहत बसायचं नाही.

महिन्यानंतर ‘हिम टु फ्रीडम’ पाठवा. फक्त तिला, ग्रुपवर नाही. तेही तिच्याकडच्या शनिवारी सकाळी. सोबत तुमच्या आवाजात मिनिटभराचा निरोप: एसटी, पेन्सिल, इगतपुरी. आणि एकच जागा सांगा. सुरुवातीला पीटरसन एकटा आहे, देवळात हळू बोलावं तसा वाजवतो. मग रे ब्राउनचा बास आणि एड थिगपेनचे ड्रम येतात, आवाज चढत जातो आणि शेवटाकडे उजव्या हाताचे सूर अक्षरशः थरथरायला लागतात. तो थरथराट यायच्या आधी तुम्ही खिडकीबाहेर काय पाहत होतात, ते सांगा. साडेपाच मिनिटांचं काम आहे. डिसेंबर १९६२ मध्ये हे मुद्रण झालं आणि अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीनं ते आपलं मानलं, ही माहिती तिनं विचारली तरच द्या.

फोनवरून ऐकणाऱ्यांबद्दल एक साधी गोष्ट, जी आपण सगळेच विसरतो. फोनच्या स्पीकरमधून बासचे खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. तिघांच्या जॅझमधून बास गेला की एक माणूसच उठून गेला. तुम्ही घरी मोठ्या स्पीकरवर ऐकता आणि पुढच्याला लिंक पाठवता. त्यानं ओट्यावर फोन ठेवून ऐकलेलं संगीत तुमच्या संगीताच्या निम्मंही नसतं. मुलीला भेट द्यायचीच तर बरे हेडफोन द्या, आणि तेही तिच्या वाढदिवसाला, तिला हवी ती गाणी ऐकायला.

तुमची मुलगी एडिसनला राहते हे वाचून मात्र मला राहवलं नाही. बिल एव्हान्सचा जन्म प्लेनफिल्डचा, १९२९चा. तिच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. आणि नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब आहे, १९३५ पासून त्याच तळघरात. २५ जून १९६१ ला, एका रविवारी, तिथं एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन यांनी दुपारपासून रात्रीपर्यंत जे वाजवलं, त्यावर तुम्ही पत्रात पाऊण पान लिहिलंय. ‘माय फूलिश हार्ट’ चालू असताना मागं ग्लासांचा किणकिणाट होतो, कोणी बोलतं, कोणी हसतं. त्या लोकांना समोर काय घडतंय याचा पत्ता नव्हता, असं तुम्ही जरा चिडून लिहिलंत. मला ते लोक आवडतात. त्यांच्या आवाजामुळं ती खोली मला दिसते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्सनं त्यानंतर अनेक महिने वाजवणंच जवळपास सोडलं. त्या दुपारी ग्लास वाजवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि वाजवणाऱ्या तिघांनाही नव्हतं.

पुढच्या वेळी तिच्याकडे जाल तेव्हा तिला म्हणा, मला तिथं घेऊन चल. तिला जॅझ ऐकवायला नव्हे, तुम्हाला सोबत हवी म्हणून. दोघं त्या पायऱ्या उतरून खाली जा. ज्या कोणाचा कार्यक्रम असेल तो ऐका, नावं ओळखीची नसली तरी. परत येताना गाडीत ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ लावा. डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी, लहान मूल. सुरुवातीला तीन मात्रांचा झोका आहे. धून संपते आणि वादन अलगद चार मात्रांत शिरतं. त्या वळणावर बोट वर करा. तिचं मूल मागच्या सीटवर असेल तर त्यालाही दिसू दे.

आता मित्रांची बैठक. दोन तास आणि सुरुवातीलाच टेटम आणि मंक, हे जरा जड झालं. तुम्हाला जे सगळ्यात थोर वाटतं ते आधी ऐकवायचं, असं आपण धरून चालतो. पण तुम्ही स्वतः टेटमपाशी किती वर्षांनी पोचलात ते आठवा. वाढायला बसल्यावर आपण पहिला घास श्रीखंडाचा देत नाही, आधी वरणभात वाढतो.

तुमच्या मित्रांचं वय बघता माझं सुचवणं असं, की सुरुवात ‘शोला जो भडके’पासून करा. ‘अलबेला’ १९५१चा, संगीत सी. रामचंद्र यांचं, पडद्यावर भगवानदादा. या गाण्यांत सी. रामचंद्रांच्या जोडीला चिक चॉकलेट होता: गोव्याचा ट्रंपेटवादक, खरं नाव अँटोनिओ झेवियर व्हाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेला. त्याच्याही आधी, तिसाच्या दशकात, शिकागोचा काळा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. तो पुढं कलकत्त्यात गेला आणि १९४५ मध्ये तिथंच कॉलऱ्यानं वारला. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला, तेव्हा उस्ताद हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर बसून वाजवून गेला. हे संगीत आपल्या दारावरून गेलेलं आहे, आणि तुमचे मित्र नकळत त्यावर लहानपणी नाचलेही आहेत. हे कळलं की ते कान देऊन बसतील.

मग एकच धून दोघांची ऐकवा. ‘ऑटम लीव्ह्ज’ हे मूळ फ्रेंच गाणं. गार्नरचं १९५५चं, कॅलिफोर्नियात कार्मेलच्या कार्यक्रमातलं, ‘कॉन्सर्ट बाय द सी’ या तबकडीवरचं. आणि एव्हान्सचं १९५९चं, ‘पोर्ट्रेट इन जॅझ’मधलं. एक भरभरून, सगळी बोटं पसरून वाजवतो. दुसऱ्याकडे पियानो आणि बास एकमेकांना अर्धं वाक्य देतात आणि उरलेलं दुसरा पुरं करतो. एकच बंदिश दोन घराण्यांची ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका आठवड्यात एवढंच. चाळीस मिनिटं, मग चहा आणि गप्पा. गप्पा ऐकण्याच्या मध्ये आल्या तर येऊ द्या. व्हॅनगार्डमध्येही आल्या होत्या.

गार्नरची एक गंमत त्यांना जरूर करायला लावा. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि तो गाण्याच्या आधी अशी काही फसवी सुरुवात करायचा, की त्याच्या साथीदारांनाही कोणतं गाणं येणार ते कळायचं नाही. पडदा उघडतो आणि एकदम ओळखीची धून येते. कितव्या सेकंदाला ओळखलं यावर पैज लावा.

मंक दोनेक महिन्यांनी आणा. “हा अजून शिकतोय का?” असं विचारणाऱ्या मित्राला नावं ठेवू नका, त्यानं ऐकलंय म्हणून तर विचारलं. त्याला पेटीची आठवण द्या. पेटीवर मींड येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर मिळत नाही, ही तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे! पियानोचंही तेच. मंक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो, तेव्हा मला तो त्या मधल्या, पियानोत नसलेल्या सुराकडे बोट दाखवताना ऐकू येतो. तुमच्या मित्राला कदाचित तसं ऐकू येणार नाही. मग राहू दे. त्याला अहमद जमालचं ‘पॉइन्सियाना’ लावून द्या, १९५८चं, शिकागोच्या पर्शिंग हॉटेलातलं. आठ मिनिटं व्हर्नेल फोर्नियेच्या ड्रमचा तोच ठेका, आणि जमाल जितकं वाजवतो त्याहून जास्त सोडून देतो. त्यावर पाय न हलवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणखी एक विचारते. या दोन वर्षांत तुम्हाला कोणी काही पाठवलं का? आणि पाठवलं तर तुम्ही ऐकलंत का? मुलगी काय ऐकते, हे चार पानांत कुठंच नाही. तिला विचारा, आणि ती जे सांगेल ते दोनदा ऐका. न आवडलं तरी त्यातली एक जागा शोधून तिला सांगा. तुमच्याइतका तयार कान असलेल्या माणसाला ती सापडेल.

संग्रहाबद्दल. ‘नाइट ट्रेन’ किंवा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ जगातून नाहीसं होणार नाही, त्याची काळजी सोडा. काळजी करायची ती तुम्ही स्वतः रेडिओवरून किंवा मैफलीत उतरवून घेतलेल्या कॅसेटची, कारण ती प्रत एकच असते. त्या आधी वेगळ्या काढा आणि डिजिटल करून घ्या. नाशिकच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरलेली दिसली तर ती कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

मग सगळ्यांतल्या वीस निवडा, जास्त नकोत. प्रत्येकीत एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा: कुठं घेतली, तेव्हा घरात काय चाललं होतं, आणि बोट कुठं वर करायचं. पत्नीला सोबत घेऊन बसा. ‘पुरे करा’ म्हणणाऱ्या माणसाला कुठली कॅसेट कोणत्या वर्षी घरात आली आणि तेव्हा किती पैशांवरून भांडण झालं, हे तुमच्याहून नक्की आठवत असेल. तेही कागदावर येऊ द्या. उरलेल्या ज्याला हव्यात त्याला तुमच्या हयातीतच द्या.

ज्यांच्या फोनवर अशा लिंक येतात, त्या वाचकांसाठीही थोडं. आई-वडील, काका, एखादे जुने सर रोज काही पाठवतात आणि अपराधी वाटतं, अशी पत्रं मला बऱ्याचदा येतात. सगळं ऐकायची गरज नाही. दहातलं एक ऐका आणि ‘छान’ लिहिण्याऐवजी फोन करून विचारा, “हे तुम्ही पहिल्यांदा कुठं ऐकलं?” पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

तुम्ही मात्र तो निरोप लगेच, आजच, कागदावर न उतरवता बोलून ठेवा. पाठवायचा महिन्यानं. त्यात सेल उतरल्यावर पियानो कसा खाली खाली गेला, ते सांगू नका, स्वतःच्या गळ्यानं करून दाखवा.